धावण्याचे आकडे आणि त्यामागचे नियम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अलीकडेच एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. मनगटावर घड्याळ बांधून धावणारे लोक धावण्याचा आनंद आकड्यांच्या हवाली करतात, तेव्हा घड्याळ काढून ठेवावे आणि मोकळेपणाने धावावे, असा त्या पत्राचा रोख होता. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, अनेक वर्षे नियमित धावतो आणि स्वतःच्या धावण्याच्या नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम हौस म्हणून लिहीत असतो. त्या अनुभवावरून मला पत्रलेखकांचे निदान बरोबर वाटते, पण उपचार पटत नाही. आकड्यांनी अनेक धावणाऱ्यांना वेठीस धरले आहे, हे मी रोज पाहतो. मात्र पडद्यावर दिसणारा आकडा कोणत्या नियमाने तयार झाला हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून त्या आकड्याचा एवढा दरारा असतो, असे माझे मत आहे. तो नियम एकदा स्वतः लिहून पाहिला की दरारा पुष्कळ कमी होतो.

सर्वांच्या जिव्हाळ्याच्या आकड्यापासून, म्हणजे अंतरापासून, सुरुवात करतो. जीपीएस घड्याळ थेट अंतर मोजते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते दर सेकंदाला, किंवा बॅटरी वाचवायची असेल तर काही सेकंदांच्या फरकाने, आपण कोठे आहोत याचा अंदाज नोंदवते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून हा अंदाज बांधला जातो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचा अंदाज साधारणपणे पाच मीटरच्या आत बरोबर असतो. उंच इमारती, पूल किंवा दाट झाडी जवळ असली की तो बिघडतो. धावून झाल्यावर फाइलमध्ये उरते ती केवळ अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांची लांबलचक यादी. अंतर हवे असेल तर लागोपाठच्या प्रत्येक दोन बिंदूंमधले अंतर त्रिकोणमितीच्या सूत्राने काढायचे, त्यासाठी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असे धरायचे आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज करायची. हा कोड जेमतेम दहा-बारा ओळींचा असतो आणि नवशिक्यालाही एका बैठकीत लिहिता येतो.

खरी गंमत त्या बेरजेत आहे. नोंदवलेला बिंदू कधी रस्त्याच्या डावीकडे, कधी उजवीकडे सरकलेला असतो, आणि अशा चुका एकमेकींना छेद देऊन नाहीशा होतील असे आपण सहज गृहीत धरतो. पण दोन बिंदूंमधले अंतर कधीच ऋण नसते, त्यामुळे प्रत्येक नागमोडी हेलकावा बेरजेत भरच घालतो. घड्याळ बांधून एका जागी स्वस्थ उभे राहिले तरी बिंदू आजूबाजूला भटकत राहतात आणि हा भाबडा कोड काही मिनिटांत बरेच मीटर धावल्याची नोंद करून मोकळा होतो. उलट बाजूने, बिंदू फार विरळ घेतले तर प्रत्येक वळण सरळ रेषेने कापले जाते आणि अंतर कमी भरते. म्हणजे एकच धाव, एकच घड्याळ आणि एकच फाइल असूनही किती बिंदू ठेवायचे, त्यांची वाट किती गुळगुळीत करायची आणि किती कमी वेगाला ‘थांबलेला’ म्हणायचे, या तीन निर्णयांवर एकूण किलोमीटर अवलंबून असतात. हे निर्णय ॲप बनवणाऱ्यांनी घेतलेले असतात, बहुधा विचारपूर्वकच; पण ते वापरणाऱ्याला दिसत नाहीत. एकाच फाइलला दोन सेवा दोन वेगळी अंतरे देतात ती याच कारणाने. ‘कोणते खरे?’ या प्रश्नाला मग ‘कोणता नियम लावला?’ एवढेच उत्तर उरते.

याच अज्ञानातून शर्यतीनंतरची एक नेहमीची तक्रार जन्म घेते. माझ्या घड्याळात मॅरेथॉन ४२.६ किलोमीटर भरली, म्हणजे आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला, असे अनेक जण तावातावाने सांगतात. प्रमाणित रस्ता-शर्यतीचा मार्ग जीपीएसने मोजतच नाहीत. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा गणक लावलेली, पोलादी टेपने मोजलेल्या ठरावीक अंतरावर चालवून पारखलेली सायकल त्या मार्गावरून नेली जाते, तीही वळणांच्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या वाटेने. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, त्यामुळे ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत सुमारे ४२ मीटर मुळातच अधिक असतात. गर्दीतून, पाण्याच्या टेबलांकडे वळत, वळणे बाहेरून घेत धावणारा माणूस त्याहून जास्त धावतोच, आणि त्यावर जीपीएसच्या हेलकाव्यांची भर पडते. सायकलीवरचा तो साधा गणक मनगटावरच्या महागड्या यंत्राला सहज हरवतो, याचे मला माझ्या व्यवसायामुळे थोडे अधिकच कौतुक वाटते.

चढाच्या आकड्याची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. जीपीएसची उभ्या दिशेतली अचूकता आडव्या दिशेपेक्षा कमी असते, आणि एकूण चढ काढताना वर गेलेले मीटर तेवढे मोजून खाली आलेले सोडून द्यायचे असतात. साहजिकच उंचीतला एक-दोन मीटरचा प्रत्येक खोटा हेलकावा चढ म्हणून जमा होतो आणि सपाट मैदानावर धावणाऱ्याच्या खात्यावर टेकडी जमा होते. मी माझ्या प्रोग्राममध्ये ‘इतक्या मीटरपेक्षा लहान चढ धरू नये’ अशी एक मर्यादा ठेवली आहे. ती दोनवरून पाचवर नेली की त्याच धावेचा चढ डोळ्यांदेखत कोसळतो. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेल्या घड्याळांत हा गोंधळ बराच कमी होतो, पण कोठेतरी अशी मर्यादा तेथेही असतेच.

हृदयगतीकडे वळलो की शंका अधिक गंभीर होतात, कारण येथे लोक आकडा पाहून शरीराला आदेश देतात. मनगटावरचा सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्तप्रवाहानुसार परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल किंवा हात जोरात हलत असेल तर ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडली जाण्याचा धोका असतो. धावणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात धावताना हृदयही त्याच घरात असते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. त्याहून मोठा घोळ ‘झोन’चा, म्हणजे श्रम किती हलके वा जोरकस आहेत हे घड्याळ ज्या रंगीत टप्प्यांनी दाखवते त्यांचा आहे. हे झोन बहुतेक वेळा कमाल हृदयगतीच्या टक्केवारीने आखतात आणि कमाल हृदयगती २२० वजा वय या सूत्राने धरतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झालेले हे सूत्र त्यासाठी खास केलेल्या प्रयोगातून आलेले नाही. उपलब्ध आकडेवारीवरून ओढलेली ती एक ठोकळ रेषा होती. २००१ मध्ये तानाका या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सूत्र मांडले. चाळिशीच्या माणसाला दोन्ही सूत्रे १८० च देतात, पण साठीच्या माणसाला पहिले १६० सांगते, तर दुसरे १६६. शिवाय कोणतेही सूत्र वापरले तरी एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक अगदी सहज आढळतो. ज्याची कमाल गती मुळातच जास्त आहे असा धावपटू घड्याळाच्या तांबड्या रंगाला घाबरून विनाकारण चालू लागतो, आणि ज्याची कमी आहे तो हिरव्या रंगावर विसंबून दमछाक करून घेतो.

कॅलरींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शरीराच्या दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी, हा धावण्याचा जुना ठोकताळा बहुतेकांना पुरेसा आहे.

शर्यतीच्या वेळेचे भाकीत मात्र प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावे. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेले सूत्र एका ओळीत मावते: नवे अंतर जुन्या अंतराच्या जितके पट असेल त्या पटीचा १.०६ वा घात करायचा आणि जुन्या वेळेला त्याने गुणायचे. दहा किलोमीटर ६० मिनिटांत धावणाऱ्याला ते अर्ध-मॅरेथॉनसाठी सुमारे २ तास १२ मिनिटे आणि मॅरेथॉनसाठी सुमारे ४ तास ३६ मिनिटे देते. पण दोन्ही अंतरांसाठी सारखीच तयारी झालेली आहे हे त्यात गृहीत असते. आठवड्याला जेमतेम वीस किलोमीटर धावणाऱ्याने यातला मॅरेथॉनचा आकडा मनावर घेऊ नये, ही सूचना सूत्रात नाही आणि पडद्यावर तर नसतेच. त्या १.०६ च्या जागी १.०८ किंवा १.१ घालून पाहिले की भाकीत किती नाजूक दोरीवर उभे आहे ते कळते.

हे सगळे कळल्यावर धावण्याचा रस जातो, असे कोणी म्हणेल. माझ्या बाबतीत उलटे झाले. दर किलोमीटरमागचा तीन-चार सेकंदांचा फरक उपकरणाच्या चुकीतच बुडून जातो हे माहीत झाल्यापासून त्या फरकासाठी मी जीव टाकणे सोडले आहे. मला आता दोनच गोष्टी पाहाव्याशा वाटतात: आठवड्याला एकूण किती मिनिटे धावलो, आणि त्याच ओळखीच्या वाटेवर त्याच वेगाने धावताना ठोके गेल्या महिन्यापेक्षा खाली आले का. घड्याळातला सर्वांत विश्वासू आकडा वेळ हाच आहे. त्याला ना इमारती फसवतात ना झाडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांसाठी किलोमीटर सांगत नाहीत, तर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगतात. हौशी कोडिंगचा एक धोका मात्र मान्य केला पाहिजे: आलेख सुंदर करण्याच्या नादात धावायची वेळ टळून जाऊ शकते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी तो फार वाईट सौदा आहे.

स्वतःच्या नोंदी स्वतःपाशी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. जुलै २०२० मध्ये अशी घड्याळे बनवणाऱ्या गार्मिन कंपनीवर खंडणीसाठी सायबरहल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद पडल्या. लोकांची घड्याळे चालू होती, त्यांत धावाही नोंदल्या जात होत्या, पण आपली नोंद सर्व्हरवर गेली नाही म्हणजे जणू आपण धावलोच नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. घड्याळ केबलने संगणकाला जोडून फाइल काढून घेता येते हे ज्यांना ठाऊक होते ते निश्चिंत होते. दुसरे उदाहरण स्ट्राव्हाचे, म्हणजे धावा नोंदवून इतरांना दाखवण्याचे ॲप चालवणाऱ्या कंपनीचे. वापरणाऱ्यांच्या धावा एकत्र करून तिने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत लोकांच्या ध्यानात आले की एरवी अंधाऱ्या दिसणाऱ्या संघर्षग्रस्त प्रदेशांत लष्करी तळांच्या वाटा त्यात लख्ख उमटल्या आहेत, कारण तेथे अशी उपकरणे वापरणारे प्रामुख्याने सैनिकच होते. सामान्य माणसाचा लष्करी तळ नसला तरी घर असते, आणि रोजच्या धावेचा पहिला व शेवटचा बिंदू बहुधा त्याच्या दाराशीच असतो. फाइल कोणाला पाठवण्यापूर्वी दोन्ही टोकांची काहीशे मीटर छाटून टाकणारा कोड चार ओळींचा आहे. काही ॲप्समध्ये ही सोय असते, पण ती शोधून चालू करावी लागते.

प्रत्येक धावणाऱ्याने प्रोग्रामिंग शिकावे असा माझा आग्रह नाही. तारीख, मिनिटे आणि ‘आज कसे वाटले’ एवढे तीन रकाने असलेली वहीसुद्धा चांगले काम करते. ज्यांना कोड लिहिता येतो त्यांनी मात्र आपल्या घड्याळातली एक जीपीएक्स फाइल (वर सांगितलेली बिंदूंची यादी ज्या स्वरूपात साठवतात ती) उघडून अंतराची बेरीज एकदा स्वतः करावी आणि ती ॲपच्या आकड्याशी ताडून पाहावी. ॲप बनवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंकडे मागणी एवढीच की अंतर, चढ आणि झोन यांच्या शेजारी, बोट ठेवताच उघडेल अशा जागी, वापरलेला नियम साध्या भाषेत लिहावा. गुपित राखण्यासारखे त्यात फारसे काही नाही. अशी गणिते करणारे ओपन सोर्स प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येतात.

आपल्याला विनंती अशी की आरोग्याच्या पानावर हृदयगतीचे किंवा व्यायामाचे एखादे सूत्र छापाल तेव्हा ते कोठून आले आणि माणसागणिक त्यात किती फरक पडतो, हे एका ओळीत द्यावे. त्यासाठी जागा कमी पडत असेल तर त्याच पानावरचा, धावणाऱ्याचे वजन न विचारताच कॅलरी सांगणारा तक्ता खुशाल वगळावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक आणि हौशी धावपटू