नडगी, टाच आणि मागच्या दारची पायरी

ताळगाव, पणजी
बुधवार, रात्री

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळे होतात आणि आई फोन घेऊन "जेवलीस?" विचारते. म्हणून लिहून पाठवतेय. रविवारी बाबा म्हणाले, "छत्तिसाव्या वर्षी कसलं धावणं? पुरे आता. सकाळी चालायला जा." मी गप्प बसले, पण ते पटलं म्हणून नव्हे. आधी एक कबुली द्यायची होती आणि ती फोनवर जमत नव्हती.

चवथीला मी लंगडत होते, ते बसमधून उतरताना पाय मुरगळला म्हणून नाही. मी खोटं बोलले होते. आईला तेव्हाच कळलं असणार. विसर्जन करून आल्यावर तू नारायण तेलाची बाटली घेऊन सोप्यावर बसलीस आणि म्हणालीस, "घोटा दाखव." मी घोटा पुढे केला, पण तुझा हात आपोआप वर सरकला. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर तुझा अंगठा टेकला आणि मी ओरडलेच. "मुरगळलंय ते इथं होय?" एवढंच म्हणालीस आणि बूच लावून बाटली आत नेलीस. दहा दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा टेकवला तो नेमका त्याच जागी. नडगी लांबवर, वीतभर ठणकत असेल तर बहुतेक वेळा हाडावरच्या आवरणाची कुरबुर असते. दुखणं एका बोटाखाली सापडलं आणि रात्री झोपेतही ठणकलं, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यायचा, असं ते म्हणाले. म्हणजे निदान आधी वाळपईला, आपल्या घरीच झालं होतं, मी ऐकलं नाही इतकंच.

मधल्या दहा दिवसांत काय केलं तेही सांगते. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, "काही नाही, धावा." मला हवं तेच ऐकायला मिळालं आणि मी आठवडाभर आणखी धावले. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हाड भरून यायला लागलं की मग दिसते, हे मला नंतर कळलं. त्यांनी ते सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं. पण खरी चूक माझीच. शेवटी एमआरआयमध्ये सगळं स्पष्ट दिसलं.

बाबा, तुम्ही म्हणाल, बघ, धावण्यानेच झालं ना? धावण्यानं नाही, घाईनं झालं. मिरामार ते दोनापावला मी चार वर्षं धावत होते, कधी काही झालं नाही. २०२३ साली बांबोळीच्या स्टेडियमवर राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं अॅथलेटिक्स पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. पस्तिशी उलटली की मास्टर्स गटात उतरता येतं. १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या, त्यात काय एवढं, असं वाटलं. मग आठवड्यातून दोन दिवस ट्रॅक सुरू केला आणि रस्त्यावरचं धावणं तेवढंच ठेवलं. त्याच महिन्यात स्पाइक्स, म्हणजे ट्रॅकवरचे खिळ्यांचे बूटही घेतले. त्यांना टाचेखाली जवळजवळ काही नसतं, त्यामुळे सगळा भार पोटरीवर आणि पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या टाचेमागच्या जाड शिरेवर येतो. वर ट्रॅकवर सगळे डावीकडेच वळतात, आतला पाय कायम तोच.

हाडाचं काम म्हणजे आपल्या पणजीतल्या रस्त्यांसारखं. नवा भार पडला की हाड स्वतःला नव्यानं बांधायला घेतं, पण आधी जुनं खणून काढतं आणि मग भरतं. खणणं काही आठवड्यांचं, भरणं काही महिन्यांचं. मधल्या काळात रस्ता उघडा पडलेला, आणि मी त्यावरून गाड्या सोडत होते. कदंब बसच्या गॅरेजात तुमचा उभा जन्म गेला, बाबा. इंजिन उघडून बसवल्यावर पहिल्याच दिवशी भरलेली गाडी अनमोडच्या घाटात कोण काढेल? मी काढली.

पुढच्या चार ओळी फक्त आईसाठी, बाबांनी सोडून द्याव्यात. श्रावणात मी सोमवार धरले, मासळी-नुस्तं बंद, रात्रीचं जेवण नावाला, आणि पहाटे ट्रॅक. वजन उतरतंय म्हणून खूश होते. पाळी दोन महिने आलीच नाही, तीही मला सोयीचीच वाटली. डॉक्टरांनी तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला. खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला की शरीर आधी पाळी बंद करतं आणि हाडांची डागडुजीही आवरती घेतं. तू "काडी झालीस" म्हणत होतीस, तेव्हा मी ते कौतुक समजत होते. आता पाळी वेळेवर येतेय, आणि पोदेर पाव घेऊन दारात आला की दोन उंडे जास्तीचे घेते.

सहा आठवडे धावणं पूर्ण बंद, त्यातले तीन पायात डॉक्टरांनी दिलेला आधाराचा बूट. तेव्हा दोनदा घरी यायचं टाळलं, ऑफिसचं कारण सांगितलं. ती दुसरी थाप. पण मी पडून नव्हते. कांपालच्या तलावात कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात धावायचे. पाय तळाला लागत नाहीत, त्यामुळे नडगीवर भार शून्य आणि छातीचा भाता मात्र फुलतो. बाजूनं पोहणारी पोरं हसायची. नरकासुर जाळले त्या पहाटे, सगळं ताळगाव जागं असताना, मी पहिल्यांदा धावले. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा, एक दिवसाआड. ट्रॅकवर गेले तर आठव्या लेनमध्ये चालायचे. तिथली फेरी ४५३ मीटरच्या आसपास भरते, आतली ४००.

सगळं छान चाललं होतं म्हणताना डिसेंबरात डावी टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरले की पहिली दहा पावलं म्हातारीसारखी. पण या वेळी लपवलं नाही, दुसऱ्याच दिवशी फिजिओकडे गेले. तिनं दिलेला व्यायाम ऐकून बाबा हसतील. पायरीच्या कडेवर चवडे टेकून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायानं हळूहळू टाच खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा. एकूण एकशे ऐंशी. बारा आठवडे.

हा व्यायाम आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांचा, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांची स्वतःचीच टाच धरली होती, पण वरिष्ठ ऑपरेशनला तयार होईनात. मग शीर तुटली तर ऑपरेशन तरी करतील, म्हणून ते टाचेवर भार टाकत सुटले आणि दुखणंच गेलं, असं सांगतात. डॉक्टर असून इतका हट्टी माणूस! मला तो फार आवडला.

फिजिओचा नियम साधा आहे: व्यायामात थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी चार-पाचपर्यंत, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको. टाचेच्या शिरेला निव्वळ विश्रांती मानवत नाही, तिला मोजून भार लागतो. हाडाला मी विश्रांती दिली नाही, म्हणून ते चिडलं होतं. टाच नेमकी उलट मागते. "पुरे आता" हे एकच औषध सगळ्याला चालत नाही, बाबा.

आज आठवा आठवडा संपला. सकाळची पावलं आता दोन-तीनच अडखळतात. स्पाइक्स कपाटात आहेत. आठवड्यातून एकच दिवस ट्रॅक, वॉर्म-अप बाहेरच्या लेनमधून उलट दिशेनं. शर्यत पावसाआधी जमली तर जमली. तुम्ही लहानपणी आम्हाला १९८४ ची उषा सांगायचात, एका शतांश सेकंदानं पदक कसं हुकलं ते, आणि दर वेळी तुमचा आवाज जड व्हायचा. मला पदक-बिदक नको. पावणेचार फेऱ्या न लंगडता पुऱ्या करायच्या आहेत, आणि तेव्हा तुम्ही दोघं बांबोळीला पायऱ्यांवर बसलेली हवी आहात. आई, छत्री घेऊन ये, तिथं सावली कमी.

शिगम्याला चार दिवस येतेय. मागच्या दारच्या पायरीवर तुझ्या कुंड्या असतात, त्या बाजूला करून ठेव. ती पायरी एकशे ऐंशीसाठी अगदी बरोबर उंचीची आहे. आणि तेल काढून ठेव. टाचेला नको, पोटरीला चालेल, मी विचारून घेतलंय.

तुमची,
बाय