आमच्या पाण्यात विसण कोण घालतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘सोलरचं गरम पाणी म्हणजे नुसती फसवणूक, सोसायट्यांनी सरळ गीझर बसवावेत’ अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. त्यांचा वैताग मला कळतो. हिवाळ्यात पहाटे नळाखाली हात धरून उभं राहायचं आणि पाणी काही गरम व्हायला तयार नाही, ही शिक्षा मीही दोन वर्षं भोगली. पण गुन्हेगार त्यांनी चुकीचा धरलाय असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात ३१ वर्षं बॉयलर अटेंडंट होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यात आलो. आमची इमारत सात मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर सोलरची टाकी आणि पॅनेल. गावाकडं आमच्याकडं तांब्याचा बंब होता. चिपाडं आणि शेणी घालून तो पेटवायचा, तोटीतून कढत पाणी घंगाळात घ्यायचं आणि मग आपल्या अंगाला सोसेल इतकं विसण, म्हणजे गार पाणी, घालायचं. विसण ज्याचं त्यानं घालायचं, हे महत्त्वाचं. फ्लॅटमध्ये ते काम भिंतीतला मिक्सर करतो, आणि त्याच्यामागं पाइपांचं जे जाळं आहे ते कुणी बघितलेलंच नसतं.

आधी पहिल्या बादलीचं सांगतो. इंची पाइपात मीटरला साधारण ४०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीवरची आडवी लाइन आणि डक्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) खाली आमच्यापर्यंत, असा सगळा मिळून ४० मीटर पाइप मी मोजला. म्हणजे १६ लिटर पाणी त्यात रात्रभर उभं. डिसेंबरात ते पहाटेपर्यंत गारठतं. नळ सोडला की आधी ते सगळं बाहेर पडणार, मगच टाकीतलं गरम पाणी येणार. टाकीत ६० अंशाचं पाणी असलं तरी पहिली बादली गारच. जो जितका खाली, त्याला तितकं जास्त सोडावं लागतं. कारखान्यात वाफेच्या लाइनीवर लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टन, नसेल तर चीफ इंजिनिअर आमची चामडी लोळवायचे. इथं गच्चीवरच्या पाइपांवरचा फोम उन्हानं कुजून पोपडे निघालेले आणि कुणाला पत्ता नाही. (उन्हाळ्यात उलटी गंमत. मे महिन्यात दुपारी दोनला गार नळ सोडा, हात भाजेल.)

आता त्या डिसेंबरची गोष्ट. संध्याकाळी टाकीच्या मीटरवर ५८ अंश दिसायचे आणि पहाटे पाचला, कुणी आंघोळ करायच्या आत, ४१. टाकीला जाड इन्सुलेशन असतं, रात्रीत चारपाच अंश उतरणं समजू शकतो, १७ कसे? सोलरवाला आला, म्हणाला इन्सुलेशन गेलं, टाकी बदला. कमिटीनं कोटेशन मागवलं. मी म्हटलं, थांबा, एक रात्र मला द्या.

रात्री अकराला स्वेटर, कानटोपी घालून वर गेलो. बॉयलर हाऊसमध्ये एक सवय लागते, पाइपाला तळहात लावायचा नाही, हाताची मागची बाजू लावायची. एकेका फ्लॅटला जाणाऱ्या गरम लाइनीला हात लावत गेलो. सगळ्या कोमट. सातव्या मजल्यावरची एक मात्र बर्फासारखी गार. आणि त्याच फ्लॅटचा प्रेशर पंप मिनिट-दोन मिनिटांनी गुरगुरत होता. घरातले दिवे बंद, सगळे झोपलेले, मग पंप कुणासाठी चालतोय? मी डक्टमधला त्यांच्या गरम लाइनीचा कॉक बंद केला आणि खाली येऊन झोपलो. पहाटे मीटरवर ५४.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या परवानगीनं बाथरूम बघितलं. नवीन, चकचकीत. मिक्सरच्या गरम आणि गार अशा दोन्ही चाव्या उघड्या, आणि पाणी थांबवलेलं हँड शॉवरच्या बटणानं. तो बिचारा हुकाला लटकलेला, थेंबही गळत नाही. बघणाऱ्याला वाटेल सगळं बंद आहे. पण मिक्सरच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना भेटलेल्या. गार लाइन पंपाच्या जोरावर, गरम लाइनीला नुसती टाकीच्या उंचीचा दाब. जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसायचं, वर सोलरच्या टाकीत चढायचं, आणि आमचं दिवसभर तापलेलं पाणी मागच्या मागं, सोलरला पाणी पुरवणाऱ्या गार पाण्याच्या मोठ्या टाकीत ढकललं जायचं. सातव्या मजल्यावरचे लोक गाढ झोपेत साऱ्या इमारतीच्या पाण्यात रात्रभर विसण घालत होते!

त्यांना दोष देणार नाही. १० मीटर उंचीला (दर चौरस सेंटिमीटरवर) एक किलो प्रेशर, हा साधा हिशेब. आमच्या दुसऱ्या मजल्याला दीड-दोन किलो सहज मिळतं. त्यांच्या डोक्यावर टाकी जेमतेम तीन मीटर, म्हणजे पाव किलोच्या आसपास. शॉवरमधून पाणी कसलं, शेवयाच पडणार. पंप बसवला यात चूक काय? चूक एवढीच की तो एकट्या गार लाइनीला बसवला आणि एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, कुठंच नाही. बॉयलरला असाच फीड चेक व्हॉल्व्ह नसेल तर इन्स्पेक्टर तो पेटवू देत नाही; इथं साऱ्या इमारतीच्या आंघोळीच्या पाण्याला उलटं जायला मोकळं रान.

मग चारेकशे रुपयांचा पितळी एनआरव्ही आणला. प्लंबरनं पहिल्यांदा तो उलटा बसवला. अंगावर बाण कोरलेला असतो, तो पाणी जायच्या दिशेला हवा. त्या घरातल्या बाईंचा फोन आला, ‘काका, आता तर गरम पाणी अजिबातच येत नाही.’ पुन्हा खोलला. वरच्या मजल्यांवर आत लोंबती झडप असलेला एनआरव्ही घ्यावा, स्प्रिंगचा नको. एवढ्याशा दाबाला ती स्प्रिंग नीट उघडत नाही.

आमच्या स्वतःच्या घरात वेगळंच प्रकरण निघालं. नातू शॉवरखाली असताना एकदम किंचाळला, खांदा लाल झाला. दोष गीझरचा नाही, सोलरचा नाही, वॉशिंग मशीनचा. स्वयंपाकघर, मशीन आणि बाथरूम या तिघांना गार पाणी एकाच पाऊण इंची लाइनीतून. गरम पाणी मात्र स्वतंत्र लाइनीनं. मशीननं मधेच पाणी ओढलं की शॉवरचं गार पाणी कमी पडतं, गरम आहे तेवढंच राहतं. विसण कुणीतरी पळवलं म्हणा ना. साठ अंशाच्या पाण्यानं भाजायला काही सेकंद पुरतात. आता बाथरूमची गार लाइन डक्टपासून वेगळी घेतली आहे. दोन टाइल फोडाव्या लागल्या, सूनबाई आठवडाभर नीट बोलल्या नाहीत.

माझी मागणी बिल्डर मंडळींकडं आणि प्लॅन तपासणाऱ्यांकडं आहे. ताबा देताना आम्हाला इमारतीचं रंगीत चित्र मिळालं, त्यात ताडाची झाडंसुद्धा होती. पाइप कुठून कुठं गेलेत याचा कागद नव्हता. तो सोसायटीच्या हातात द्या. प्रत्येक फ्लॅटच्या गरम आणि गार लाइनीवर एनआरव्ही सक्तीचा करा. आणि रिटर्न लाइन द्या: पहाटे टायमरवर छोटा पंप दहा मिनिटं फिरला की पाइपातलं गारठलेलं पाणी टाकीत परत जातं आणि पहिली बादली मोरीत ओतावी लागत नाही. इमारत बांधतानाच हे केलं तर खर्च किरकोळ. नंतर डक्टमध्ये माणूस लोंबकळवून करायचं म्हणजे काय, ते आम्ही सध्या अनुभवतोय. २८ पैकी २१ घरांत एनआरव्ही बसले, उरलेले सात जण म्हणतात आमचं पाणी गरम येतं, आम्ही कशाला?

पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना एवढंच सांगणं, की गीझर घेण्याआधी एका रात्री अकराला गच्चीवर जावं, हाताच्या मागच्या बाजूनं पाइप तपासावेत आणि कुणाचा पंप उगाच गुरगुरतोय का ते ऐकावं. गुडघ्यामुळं जिने जमत नसतील तर आपल्या कार्यालयात माझा फोन नंबर दिलेला आहे. मी येईन, रात्री तसाही मला लवकर झोप लागत नाही.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
धायरी, पुणे