कॅप्सूल पोचल्या

देवरुख, २० ऑगस्ट

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

माझ्या गुडघ्यांसाठी पाठवलेला शल्लकीच्या (सालईच्या डिंकाच्या) कॅप्सूलचा डबा काल पोचला. सोबतची चिठ्ठी वाचून हसू आलं. "आई, हे झाडाचं आहे, त्या पेनकिलर बंद कर." अरे, झाडपाल्याच्या नावावरच मी गेल्या वर्षी फसले. तुला बोलले नव्हते. बाजारात एकाकडून सांधेदुखीची पुडी घेतली. चौथ्या दिवशी गुडघे असे हलके, की माळ्यावर चढून पातेली काढली! महिन्याभरात तोंड गोल सुजलं आणि कधी नव्हती ती साखर २८० वर गेली. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार, म्हणजे सूज झटकन दाबणारं जोरकस औषध. ते एकदम तोडायचंही नसतं म्हणे. मोजक्या गोळ्या देऊन हळूहळू सोडवलं. शल्लकीला गुण यायला आठवडे लागतात, आणि येतो तोही बेताचाच. चार दिवसांत पळवणारी पुडी दिसली की आता मी दुरूनच नमस्कार करते.

त्या पेनकिलर गोळ्यांचीही बाजू घेत नाही हो. माझ्या डायक्लोफिनॅकच्या गोळीने दुखणं लगेच दबतं, कारण शरीरात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ती बनूच देत नाही. पण पोटाचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात तीही प्रोस्टाग्लँडिनच. त्यात माझी बीपीची गोळी, तिच्याशी हे जुळत नाही. म्हणून आता नुसतं मलम लावते, त्यातून रक्तात फार थोडं उतरतं. शिवाय मांडीचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ धरायचा, दहा मोजायचे. मोजतात बाबा, मुद्दाम सावकाश.

बाबांच्या अंगठ्याच्या गाऊटला, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजतो त्याला, अर्ध्या मिलीग्रॅमची कोल्चिसिनची गोळी आहे. हेच कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं, ठाऊक आहे? मागच्या गडग्यावर फुललीय, गौरीला तीच आणणार. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, आणि तेच द्रव्य मोजून घेतलं की बाबा चपला घालून देवळात जातात. हे कळल्यापासून डबा हाती आला की आधी आत काय नि किती, ते वाचते. तुझा वाचला. सोमवारी डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करेन. बाबांना मात्र देणार नाही, त्यांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

गणपतीला येताना आणखी डबे नकोत. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा आण आणि बसवूनच जा.

तुझी,
आई