डॉल्फिन नको, गोडं पाणी द्या: मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी आपली सभा झाली. निवडणुकीच्या वेळी याच मैदानावर आपण शब्द दिला होता की खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातल्या, प्रत्येक घरी नळाने गोडं पाणी येईल. त्या शब्दाचं पुढे काय झालं हे ऐकायला मी उन्हात बसले होते. आपल्या भाषणात पाण्याचा विषयच निघाला नाही. निघाला तो हायवेलगतच्या नियोजित वॉटर पार्कचा आणि तिथे सुरू होणाऱ्या डॉल्फिन शोचा. ‘शहरातल्या पोरांनी पाहिलं नाही ते तुमची पोरं पाहतील,’ असं आपण म्हणालात आणि टाळ्या पडल्या.

मी विदर्भातल्या पूर्णा नदीच्या काठची, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. दुसऱ्या दिवशी शेजारची पोट्टी घरी आली आणि म्हणाली, ‘मॅडम, डॉल्फिन आपल्या इकडं जगन काय हो?’ तिला मी जे सांगितलं तेच आपल्याला लिहिते. आपल्या अधिकाऱ्यांपैकी कोणी ते आपल्याला सांगितलेलं दिसत नाही.

डॉल्फिनला डोळे आहेत, पण त्याचं जग मुख्यतः आवाजाचं आहे. नाकाच्या मार्गात तो टकटक असा बारीक आवाज काढतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून तो पुढे सोडतो आणि वस्तूवर आपटून परत आलेला आवाज खालच्या जबड्यातून कानापर्यंत घेतो. माणसाला २० हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. डॉल्फिनची मजल दीड लाखाच्या आसपास जाते. तीन इंचांचा धातूचा गोळा शंभर मीटरच्या पलीकडून त्याला कळतो, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते आणि ती त्याच्या नावासारखी चालते. जुन्या सोबत्याची शीळ वीस वर्षांनंतरही ते ओळखतात. आरशातला आपण आपणच आहोत हे त्यांना समजतं, हे २००१ साली न्यूयॉर्कमध्ये दिसून आलं. झोपतानासुद्धा त्याचा अर्धा मेंदू जागा असतो.

असा प्राणी सिमेंटच्या टाकीत टाकल्यावर त्याचं काय होत असेल? कोरड्या विहिरीत तोंड घालून ओरडलं की आपलाच आवाज चहूबाजूंनी अंगावर येतो, तसं त्याचं घर होतं. समुद्रात त्याच्या आवाजाला मासा भेटतो, खडक भेटतो, सोबती भेटतो. टाकीत भिंत भेटते आणि त्या भिंतीत शोधण्यासारखं काही उरत नाही. त्यात रात्रंदिवस चालणारे पंप आणि शोच्या वेळी लाउडस्पीकर. पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर जातो, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. त्या गोंगाटापासून तोंड फिरवायला त्याला जागाच नाही. बंदिवासातले डॉल्फिन एकाच दिशेने गोल फिरत राहतात, तासन्‌तास पृष्ठभागावर निपचित तरंगतात, खाल्लेला मासा ओकून पुन्हा गिळतात, फाटक चावून दात झिजवतात. खुल्या समुद्रात दोघांचं भांडण झालं तर दुबळा दूर निघून जातो. टाकीत तो कुठे जाणार? फ्रान्समधल्या एका पार्कात असं दिसलं की माणूस येण्याची वेळ झाली की ते पाण्याबाहेर डोकं काढून त्या दिशेने बघत बसतात. ज्याला रोज कित्येक मैल पोहायचं असतं, त्याच्या दिवसात बघण्यासारखं एवढंच उरतं. त्याच्या तोंडाची ठेवणच हसऱ्यासारखी असल्यामुळे प्रेक्षकांना वाटतं की तो खूश आहे.

आता पाण्याचा हिशेब. शोमध्ये असतात ते समुद्रातले डॉल्फिन. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. टाकी १० लाख लिटरची धरली तर ३५ टन मीठ लागेल आणि ते कालवायला १० लाख लिटर गोडं पाणी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ते पाणी गार ठेवायला वेगळी वीज लागेल. खराब झालेलं खारं पाणी नाल्यातून पूर्णेत, पूर्णेतून तापीत. साहेब, मीठ घातलेलं पाणी आम्हाला फुकट मिळतं! आमच्या बोअरला तेच आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं अशी आहेत. या गावांत मुलगी द्यायला लोक कचरतात, कारण तिचं अर्धं आयुष्य हंड्याखाली जाईल हे सगळ्यांना माहीत असतं. टँकर येतो तेव्हा पुढची तीन घरं भरतात आणि बाकीची भांडत बसतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो जारचं पाणी विकत घेतो.

माझे मालक या पाण्यावर वाढले आणि किडनीच्या आजाराने गेले. पाण्यामुळे गेले असं कोणताही डॉक्टर लिहून देत नाही. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. डायलिसिससाठी मी त्यांना एसटीने शहरात नेत होते. गाडी चुकली की परत यायला रात्र व्हायची. शेवटच्या वर्षी त्यांना पाणी मोजून प्यायचं होतं. दिवसभराचं पाणी मी एका तांब्यात काढून ठेवायची. तो तांब्या तरी गोड्या पाण्याचा असावा म्हणून मी दोन गल्ल्या सोडून असलेल्या घरी रोज हात पसरायला जात होते. आमच्या गल्लीत आणखी दोघांचं डायलिसिस चालू आहे. ते आपल्या सभेला आले नव्हते, त्यांना तेवढं बसवत नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक वाक्य नव्हतं आणि डॉल्फिनसाठी दहा मिनिटं होती.

आणि तो डॉल्फिनसुद्धा आपल्याला आणता येणार नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने सर्व राज्यांना कळवलं आहे की डॉल्फिनच्या खेळासाठी परवानगी द्यायची नाही. त्याआधी १९९० च्या दशकात चेन्नईजवळच्या डॉल्फिन सिटीत बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांत ते मेले. ती तर समुद्रकाठची जागा. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. गंगेतला डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला, त्यालाही हात लावता येत नाही. कॅनडाने २०१९ मध्ये आणि फ्रान्सने २०२१ मध्ये या खेळांविरुद्ध कायदे केले. मग जे कायद्यात बसत नाही ते आपण भर सभेत जाहीर केलंच कसं? की इकडच्या लोकांना काहीही सांगितलं तरी चालतं, असं आपल्याला वाटतं?

तसं वाटण्याची सवय आपल्या आधीच्यांनी लावली आहे. विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, तेव्हा माझे सासरे तरुण होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा विकासातला अनुशेष मोजला, तेव्हा मी शिकत होते. १९९४ मध्ये मागे पडलेल्या भागांसाठी विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. दर हिवाळ्यात आपण सगळे नागपूरला येता, हुरडा खाता, घोषणा करता आणि मुंबईला परत जाता. सरकार कोणत्या पक्षाचं आहे याने आमच्या बोअरच्या पाण्यात काडीचाही फरक पडलेला मी पाहिला नाही. आमची पोरं पुण्याला कंपनीत लागतात आणि परत येत नाहीत. ती काही डॉल्फिन पाहायला गेलेली नाहीत. आणि आता त्यांना परत आणायला आपण डॉल्फिन दाखवणार?

डॉल्फिन शोचा प्रस्ताव रद्द केला असं जाहीर करा. पार्कसाठी धरलेल्या पाण्याच्या कोट्यातून आधी आमच्या गावांची पाइपलाइन पूर्ण करा. गावाच्या पाण्याची टाकी बांधून उभी आहे, तिच्यात पाणी चढलेलं नाही. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र द्या, म्हणजे दुसऱ्या कोणा बाईला रात्री स्टँडवर बसावं लागणार नाही.

उत्तर पुढच्या सभेत देऊ नका. लेखी द्या, त्यावर तारीख आणि सही असू द्या. ते आम्हाला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचं आहे.

आपली,
पूर्णाकाठची एक निवृत्त शिक्षिका