कशाचे टक्के? सातपूरच्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय केमिकलच्या डिप्लोमाला जी पोरं सध्या प्रोसेस कॅलक्युलेशनच्या, म्हणजे कारखान्यातल्या मालाच्या हिशेबांच्या, नावानं बोटं मोडत असतील, त्यांच्याही हे कामी येईल.

नाशिकला, सातपूरच्या अशोकनगरात तुमच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आले, तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. सगळी नोकरी एमआयडीसीत शिफ्टवर काढलेली, त्यामुळे रात्री लवकर झोप म्हणून यायची नाही. जिन्यात माझा लाइट दिसला की वर येऊन वहीत डोकवायचात. कॉलेजात शिकवत नव्हते असं अजिबात नाही. मोल अंश, वस्तुमान अंश, सरासरी रेणुभार, सगळं फळ्यावर यायचं आणि आम्ही मुकाट उतरवून घ्यायचो. पण गणिताची सुरुवात 'समजा 100 किलो' अशी का करायची, हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि आपणहून कुणी सांगितलंही नाही. तुम्ही मात्र कुठलाही आकडा दिसला की पहिल्यांदा हेच विचारणार: "कशाचे टक्के?"

एकदा तर तुम्ही भंगारवाल्याकडून वाइनची रिकामी बाटली उचलून आणलीत. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात ती बाटली! काकू दारातच कपाळाला हात लावून उभ्या. लेबलवर अल्कोहोल 12 टक्के. हे आकारमानाचे, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 12 मिलिलिटर. इथेनॉलची घनता 0.789 धरली की ते भरतं साधारण साडेनऊ ग्रॅम. वाइन पाण्यापेक्षा जराशी हलकी, म्हणून वजनाचे टक्के येतात 9.6 च्या आसपास. पुढे तुम्ही म्हणालात, आता रेणू मोज. मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या, जसा डझन. पाणी आणि अल्कोहोल एवढंच धरलं, 9.6 ला 46 नी आणि 90.4 ला 18 नी, म्हणजे ज्याच्या त्याच्या रेणुभारानं, भागलं, तर मोलचे टक्के आले जेमतेम 4. बाटली तीच, आतला माल तोच आणि आकडे तीन: 12, 9.6 आणि 4. लेबलवाल्याला पहिला चालतो, वजनकाट्याला दुसरा. द्रव उकळून वेगळे करणाऱ्या डिस्टिलेशन कॉलमचं गणित मात्र तिसऱ्यावर चालतं, कारण द्रावणाचा बाष्पदाब ठरवताना कुठले रेणू किती आहेत हे बघावं लागतं. मोल कशाला हवा, हे मला त्या दिवशी समजलं. परीक्षेत मार्क पडण्यापुरता तो त्याआधीही येत होता.

आमच्या घरचा धंदा द्राक्षाचा, हे कळल्यावर तर तुम्हाला रानच मोकळं मिळालं. बेदाण्यासाठी घड ज्या द्रावणात बुडवतात त्याचं प्रमाण तुम्ही मला विचारलंत. मी शेडवर ऐकलेलं सांगितलं: पोटॅशियम कार्बोनेट अडीच टक्के, डिपिंग ऑइल दीड टक्का. लगेच तुमचा प्रश्न. आणि खरंच की, कार्बोनेट लिटरला 25 ग्रॅम असतं, तर तेल लिटरला 15 मिलिलिटर. एक वजनात, एक मापात, आणि दोन्हींना टक्केच म्हणायचं. शेडवर अडत नाही, कारण तिथे पावडर काट्यावर जाते आणि तेल मापानं ओततात. पण कागदावर दोन्ही एकाच रांगेत मांडून बेरीज करायला गेलं की संपलं.

त्याच बेदाण्यावर तुम्ही मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा ताळा, शिकवलात. द्राक्षात पाणी 78 टक्के आणि बेदाण्यात 15 टक्के धरा. कुणालाही वाटेल की 63 टक्के पाणी उडालं, म्हणजे क्विंटलमागे 37 किलो बेदाणा यायला हवा. पण 78 टक्के ओल्या मालाचे आणि 15 टक्के वाळलेल्या मालाचे. ते एकमेकांतून वजा करायचे कसे? "जे उडत नाही ते धर," असं तुम्ही म्हणालात. 100 किलो द्राक्षात 22 किलो घन. तेवढंच घन बेदाण्यातही, फक्त तिथे ते 85 टक्के आहे. 22 भागिले 0.85, म्हणजे 25.9 किलो. बाकीचं 74 किलो पाणी हवेत. आमच्या अण्णांनी कधी कॅलक्युलेटर हातात धरला नाही, पण 'चार किलोला किलोभर' हा त्यांचा हिशेब जुना आहे. आपलं उत्तर आलं 3.86 ला 1. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग एवढी फी कशाची भरतोय मी?"

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो दाबाचा धडा. पुस्तकातलं वातावरण कायम 760 मिलिमीटर पाऱ्याचं. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे इथला दाब साधारण 710 मिलिमीटर. तुम्ही काकूंच्या उकळत्या आधणात लॅबचा थर्मामीटर धरलात, पारा 98 ला थांबला आणि काही केल्या पुढे सरकेना. काकू म्हणाल्या, "तुमचे दोन अंश नंतर शोधा, आधी मला तांदूळ वैरू द्या."

ते दोन अंश किरकोळ वाटतात, पण व्हॅक्यूममध्ये, म्हणजे पंपानं हवा काढलेल्या भांड्यात, गेलं की हवेच्या दाबाचा हाच फरक महागात पडतो. दाब मोजणारा गेज 650 मिलिमीटर व्हॅक्यूम दाखवतोय. पुस्तकाप्रमाणे आत उरले 110. पण गेज मोजतो तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी किती ते, आणि इथली हवा 710 ची, म्हणजे आत उरले फक्त 60. पहिल्या दाबाला पाणी साधारण 53 अंशांना उकळतं, दुसऱ्याला 42 च्या आत. उष्णतेनं खराब होणारा माल आटवायचा असेल तर अकरा-बारा अंश म्हणजे चेष्टा नाही. वायूचंही तसंच. शून्य अंशाला आणि 760 ला एक मोल 22.4 लिटर जागा घेतो हे सगळे घोकतात. तोच मोल आपल्याकडे 30 अंशांना, 710 ला, साडेसव्वीस लिटरच्या वर जातो. हवा ढकलणारा ब्लोअर निवडताना याचा विसर पडून कसं चालेल?

आज माझं रोजचं काम हेच आहे. 98 टक्के सल्फ्युरिकचा हजार लिटरचा टँक 1,840 किलो भरतो हे ड्रॉइंग बघतानाच डोक्यात येतं, आणि लॅबच्या रिपोर्टवर नुसतं 'पीपीएम' (दहा लाख भागांत किती भाग) दिसलं की मी फोन उचलते. पाण्यातलं पीपीएम वजनाचं असतं, हवेतलं बहुधा आकारमानाचं. लॅबमधली मंडळी मला कंटाळली आहेत. याचं श्रेय तुमचं, काका, आणि थोडा दोषही. शिकवणीचे पैसे विचारले तेव्हा तुम्ही भाड्यातले शंभर कमी करू का, असं उलटंच बोलला होतात. ते मी विसरलेले नाही.

काकू फोनवर सांगत होत्या की वरच्या खोलीत आता निफाडची मुलगी आलीय आणि तिला आर्द्रतेची गणितं जड जातायत. माझ्याकडचा ड्राय बल्ब-वेट बल्बचा (कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरवरून आर्द्रता काढायचा) तक्ता रविवारी घेऊन येते. पण तो छापलाय 760 साठी. आपल्या 710 ला त्यात काय दुरुस्ती करायची, ते तिला तुम्हीच सांगा, म्हणजे मीही ऐकेन.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली,
वरच्या खोलीतली जुनी भाडेकरू