दुखणं ‘एसओएस’वर सोडू नका : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या केसपेपरवर दुखण्याच्या इंजेक्शनपुढे बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं : एसओएस. म्हणजे गरज पडली तर द्या. गरज पडली हे पेशंटने सांगायचं आणि ड्यूटीवरच्या सिस्टरने ओळखायचं. सर्जिकल आणि प्रसूती वॉर्डांत मी वर्षानुवर्षं काम करते आहे, म्हणून खात्रीने लिहिते : अनेक पेशंट सांगत नाहीत, आणि आम्हा सगळ्यांना ते सारखं ओळखता येत नाही.

आमच्या एकाच वॉर्डात कोट्टायमची सिस्टर असते, लातूरची असते, गोंदियाचा ब्रदर असतो. दुखणं कसं सोसायचं हे प्रत्येकजण नर्सिंग कॉलेजच्या आधी घरात शिकून आलेला असतो. कुणाच्या घरी बाळंतपणात तोंडातून आवाज निघाला तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. कुणाकडे मोकळेपणाने विव्हळलं की चार माणसं धावून येतात. तेच माप आम्ही नकळत पेशंटला लावतो. जो ओरडतो त्याला एक सिस्टर ‘नाटक करतोय’ म्हणते, दुसरी लगेच इंजेक्शन भरते. दोघीही मन लावून काम करणाऱ्या असतात. याविषयी उघड बोलायला आमच्या प्रशिक्षणात फार थोडी जागा आहे.

मेळघाटातून रेफर होऊन आलेली एक कोरकू बाई मला विसरता येत नाही. सिझर झालेलं. शेजारच्या खाटेवरची बाई मोठमोठ्याने रडत होती, तिला इंजेक्शन मिळालं होतं. ही मात्र छताकडे बघत सरळ पडून होती. नवीन सिस्टरने प्रामाणिकपणे मराठीत विचारलं, ‘‘दुखतंय का?’’ तिने मान हलवली, म्हणून शीटवर नोंद झाली : तक्रार नाही. पण नाडी वाढलेली होती, एका हाताने तिने खाटेची दांडी घट्ट धरलेली होती आणि बाळाला जवळ घेत नव्हती. कोरकू तर मराठीच्या कुळातली भाषाही नाही. आमच्या वॉर्डातल्या मावशी धारणीकडच्या, त्या तिच्याजवळ बसून बोलल्या तेव्हा कळलं की कूस बदलायचीच तिला भीती वाटत होती. औषध मिळाल्यावर तासाभरात तिने बाळाला अंगावर घेतलं.

त्या दिवशी मावशींची ड्यूटी होती, हा केवळ योग होता.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट केलं, की बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग आहे. बोलता आलं नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. चांगल्या सिस्टर हे अनुभवाने जाणतात. त्या ‘दुखतंय का’ एवढ्यावर थांबत नाहीत. खोकून दाखवा, पाय मुडपा, कुशीवर वळा म्हणतात. शून्य ते दहाचे आकडे म्हाताऱ्या आजोबांना कळत नाहीत, पण ‘‘रुपयातलं किती आणे कमी झालं, बाबा?’’ विचारलं की उत्तर झटकन येतं, ‘‘आठ आणे उतरलंय, बाई.’’ हे शहाणपण एकीकडून दुसरीकडे तोंडी जातं आणि बदलीबरोबर निघून जातं. आणि हे काही लाड नव्हेत. पोट दुखतं म्हणून जो खोकत नाही त्याच्या छातीत कफ साठतो, जो उठत नाही त्याच्या पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

मॉर्फिन या अफूपासूनच्या जोरदार वेदनाशामकाबद्दलची भीती मात्र आम्हा सगळ्यांची सारखीच. २०१४ साली अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटानिल ही अत्यावश्यक अमली औषधं ठरली, परवानग्यांचा गुंता कमी झाला. तरी ‘सवय लागेल’ हे वाक्य वॉर्डात रोज ऐकू येतं.

साहेब, माझी मागणी खर्चाची नाही. टीपीआर शीटवर ताप, नाडी, श्वासाशेजारी वेदनेचा रकाना छापा आणि तो प्रत्येक पाळीत, हालचाल करायला लावून भरणं बंधनकारक करा. मोठ्या ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस, ज्यांना चालतं त्यांना, पॅरासिटामॉलसारखं औषध ठरलेल्या वेळी मिळू दे. एसओएस त्यावर जादा लागलं तर. रात्री निवासी डॉक्टर थिएटरमध्ये अडकलेले असताना पुढचा डोस देण्याचा मर्यादित, लेखी अधिकार सिस्टरला द्या. कोरकू, गोंडी, माडिया, भिली, पावरी या भाषांतले दुखण्याचे नेमके प्रश्न त्या त्या भागातल्या कर्मचाऱ्यांकडून लिहून घ्या आणि वॉर्डात लावा. मावशींचं हे काम कामात धरा.

रिकामी पदंही भरावी लागतील. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला दोघीजणी खाटांवरचे आणि खाली गादीवरचे पेशंट बघत फिरतात, तेव्हा न बोलणारा पेशंटच सर्वांत आधी मागे पडतो. पण रकान्यासाठी त्या भरतीची वाट बघायला नको. त्याला एक परिपत्रक पुरे आहे, आणि ते आपल्या सहीने निघू शकतं.

आपली नम्र,
सर्जिकल वॉर्डातील एक इन्चार्ज सिस्टर