मलवाहिन्यांच्या एका मुकादमांना जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या वेळी चौकीत शाल, नारळ आणि दोन भाषणे झाली. मलवाहिन्यांची तपासणी आणि देखभाल करणारा तंत्रज्ञ म्हणून मी ज्या गोष्टींसाठी तुमचा ऋणी आहे, त्यांपैकी एकीचाही उल्लेख त्या भाषणांत झाला नाही. तो करणे माझ्याकडे राहिले आहे, म्हणून हे पत्र. नाव कुठेही छापायचे नाही असे तुम्ही बजावले असल्यामुळे ते लिहिलेले नाही. पत्र मात्र जाहीर लिहितो आहे, कारण या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना आपल्या हातातील ज्ञान कोणाकडून आले हे कळायला हवे, आणि ते कळण्याची सोय आमच्या अहवालांत नाही.

मुंबईच्या रस्त्यांखाली सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीच्या मलवाहिन्या आहेत. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात विभागांत त्या वाटलेल्या आहेत. मी या कामात आलो तो पदविकेच्या कागदावर आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर. चाकांचा क्रॉलर, म्हणजे कॅमेरा बसवलेली छोटी गाडी, मॅनहोलमधून नळात उतरवायचा, केबल सोडत पुढे न्यायचा, पडद्यावर अंतराचा आकडा वाचत दोष नोंदवायचे, आणि तो दोष नळाच्या परिघावर कुठे आहे हे घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगायचे, म्हणजे बारा वाजता नळाचा माथा आणि सहा वाजता तळ. हे सर्व मला शिकवले गेले होते. चीर, सरकलेला सांधा, आत शिरलेली मुळे, साचलेली चरबी यांचे संकेतही पाठ होते. परंतु दोष दिसणे वेगळे आणि तो का झाला हे कळणे वेगळे, आणि दुसरी गोष्ट मला पडद्यावरून नव्हे, तुमच्या शेजारी उभे राहून समजली.

मॅनहोलचे झाकण उचलले की तुम्ही आधी पाण्याकडे पाहत नव्हता, भिंतीकडे पाहत होता. विटांवर किंवा काँक्रीटवर उमटलेली चिकट काळी रेघ दाखवून तुम्ही सांगत होता की पाणी येथपर्यंत चढून गेले आहे, म्हणजे आज प्रवाह सुरळीत दिसत असला तरी खालच्या अंगाला अडथळा येऊन गेला आहे आणि तो पुन्हा येणार आहे. ओळीने तीन मॅनहोल उघडायची, भरलेले कोणते आणि कोरडे कोणते ते पाहायचे, म्हणजे तुंबलेली जागा त्या दोहोंच्या मधली, हा तुमचा हिशेब कॅमेरा गाडीतून उतरवण्यापूर्वीच पुरा झालेला असे. प्रवाहात राखाडी माती दिसली तर ती घरांतून आलेली नसते, कुठेतरी नळ फुटून भोवतालची जमीन आत येते आहे आणि वरचा रस्ता आज ना उद्या खचणार आहे, हेही तुमचेच सांगणे. खानावळींच्या मागच्या ओळीत चरबीचे पांढरे थर कुठे धरतात आणि पिंपळाच्या व उंबराच्या मुळ्या चिनी मातीच्या जुन्या नळांचे कोणते सांधे शोधतात, हे तुम्ही रस्त्यावरून चालता चालता दाखवत असा.

यातील एक गोष्ट मी विस्ताराने लिहितो, कारण ती मला कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळाली नव्हती. आमचे कॅमेऱ्याचे काम बहुधा रात्री दोन ते चारच्या दरम्यान चालते. त्या वेळी शहर झोपलेले असते, नळांतील पाणी उतरलेले असते आणि रस्त्यावर वाहतूकही नसते. खाडीलगतच्या एका ओळीत मात्र त्या वेळीही पाणी कमी होत नव्हते. मी जोडण्या मोजत बसलो होतो आणि तुम्ही मला भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणायला सांगितलेत. पुढच्या रात्री आपण ओहोटीला पाहिले, त्यानंतर भरतीला पाहिले, आणि प्रवाहातील फरक डोळ्यांनी दिसला. ते सांडपाणी नव्हतेच. भरतीबरोबर जमिनीतील खारे पाणी वर येऊन उघड्या सांध्यांतून नळात झिरपत होते, आणि ते स्वच्छ पाणी आपण उदंचन केंद्रात, म्हणजे पंपिंग स्टेशनमध्ये, वीज खर्चून उचलत होतो. तेव्हापासून समुद्राकाठच्या प्रत्येक तपासणीत मी भरतीची वेळ नोंदवतो. आता इतर तुकड्याही ती नोंदवू लागल्या आहेत.

काँक्रीटच्या मोठ्या नळांविषयीही असेच झाले. नळ तळाशी झिजेल असे मला वाटे, कारण पाणी तळातून वाहते. तुम्ही लांब बांबूने माथा ठोकून दाखवलात आणि भुसभुशीत पांढरा थर खाली पडला. त्यामागील रसायनशास्त्र मी नंतर वाचून काढले. पाण्याखालच्या बुळबुळीत थरातील जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो वर जाऊन ओलसर माथ्याला लागतो, तेथील दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खाऊन टाकते. तुम्हाला आम्लाचे नाव ठाऊक नव्हते. माथा कोणत्या टप्प्यात नरम पडतो हे ठाऊक होते. जेथे पाणी संथ होते किंवा उंचावरून आदळते तेथे, असे तुम्ही म्हणत होता, आणि शास्त्रही तेच सांगते. शहराच्या जुन्या भागातील विटांच्या मलवाहिन्या अंड्यासारख्या, खाली निमुळत्या का बांधल्या हेही तुम्हीच समजावलेत: रात्रीचे थोडेसे पाणीही अरुंद तळातून वेगाने जावे आणि गाळ बसू नये.

हे सर्व ज्ञान तुम्हाला कसे मिळाले हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. तुम्ही सरळ उत्तर दिलेत: आत उतरून. कमरेला दोर, हातात बांबूच्या कामट्या आणि अंगावर काही नाही, अशा अवस्थेत तुमच्या पिढीने हे नळ हातांनी चाचपले आहेत. हे काम ठराविक जातींच्याच वाट्याला पिढ्यानपिढ्या का आले, याचे उत्तर आपणा सर्वांना माहीत आहे आणि ते लाजिरवाणे आहे. मी यंत्र घेऊन आलो म्हणून मला तंत्रज्ञ म्हणतात; तुम्ही कामटी घेऊन आलात म्हणून तुम्ही कामगार राहिलात. वस्तुतः मी ज्याला तपासणी म्हणतो ती तुम्ही माझ्या जन्माआधीपासून करत होता.

वायूविषयी तुम्ही जे शिकवलेत त्याचे आभार कसे मानावेत हे मला खरोखर समजत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सर्वांना माहीत असते, आणि त्यामुळेच वास नाही म्हणजे धोका नाही असे समजले जाते. प्रत्यक्षात दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास हा वायू असला की नाकाची ओळखण्याची शक्तीच जाते. आमच्या वायुमापकाची धोक्याची घंटा १० भागांना वाजते, आणि प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला तरीही वाजते. परंतु यंत्र वाजण्यासाठी ते योग्य जागी धरावे लागते. हा वायू हवेहून जड असल्यामुळे वरच्या पायरीवर सारे ठीक दिसते आणि तळाशी मृत्यू असतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मापक सोडायचा, आणि त्यानंतर कामटीने गाळ ढवळून पुन्हा तळाशी सोडायचा, हा तुमचा नियम. पहिल्या मापनात शांत असलेले यंत्र ढवळल्यानंतर किंचाळताना मी ऐकले आहे. गाळात अडकलेला वायू पाय पडताच मोकळा होतो आणि माणूस ‘सगळे तपासून’ उतरलेला असूनही कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दुसऱ्याला काढायला तिसरा. वर्तमानपत्रांत अशा दुर्घटनांतील मृतांचा आकडा एकाहून अधिक का असतो, त्याचे कारण हे आहे.

आता त्या रात्रीविषयी, जिच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे. आमचा क्रॉलर नळात चिंध्यांच्या गुंत्यात अडकला होता. केबल ओढून येत नव्हती, आणि जास्त ओढली असती तर तुटली असती. ज्या कंत्राटदाराचे ते काम होते, त्याच्या पर्यवेक्षकाने एका नव्या पोऱ्याला दोर बांधून खाली उतरायला सांगितले. मुलगा तयार झाला, कारण कॅमेरा लाखो रुपयांचा आणि त्याची नोकरी रोजंदारीवरची. तुम्ही त्या कामावर नव्हताच, शेजारच्या मॅनहोलवरून आमच्याकडे आला होता. काही न बोलता तुम्ही ते झाकण सरकवून बसवलेत आणि त्यावर उभे राहिलात. नंतर खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून त्या पर्यवेक्षकाला वाचायला दिलात. हाताने मैला उचलण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील सातव्या कलमाची ती छायाप्रत होती. गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास त्या कलमाने मनाई आहे, आणि नवव्या कलमाप्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. खालच्या मॅनहोलमधून जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून, गुंता सोडवायला सकाळ उजाडली. क्रॉलर एका चाकाला बाक येऊन बाहेर आला. तो मुलगा आज जेटिंग मशीन चालवतो आणि त्याचे लग्न ठरले आहे, हे तुम्हाला कोणी कळवले नसेल तर मी कळवतो.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ मध्ये बंदी आली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाखांवर नेली. हे निकाल मोठे आहेत. तरीही रात्रीच्या तीन वाजता एखाद्या गल्लीत न्यायालय हजर नसते, तेथे तो कागद खिशात बाळगणारा माणूस लागतो. तो कागद आता माझ्याही खिशात असतो.

पावसाळ्यातील तुमच्या फेऱ्यांबद्दलही आभार मानायला हवेत, जरी तो भाग माझ्या कामाचा नाही. साचलेले पाणी लवकर जावे म्हणून लोक मॅनहोलची झाकणे उघडतात, आणि २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. दीपक अमरापूरकर गेले, ते मुंबई विसरलेली नाही. आपल्या शहरात पावसाचे पाणी आणि सांडपाणी वेगवेगळ्या वाहिन्यांतून जाते, तेव्हा मलवाहिनीत पाऊस सोडला की ते घाण पाणी शेजाऱ्याच्याच मोरीतून वर येते, हे तुम्ही चाळीचाळींत जाऊन सांगत होता. चिडणाऱ्यांचे बोलणे ऐकून घेण्याची तुमची तयारी माझ्यात अजून आलेली नाही.

शेवटी नकाशांविषयी. रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले आणि कित्येक मॅनहोल त्यांच्याखाली गाडली गेली. कार्यालयातील आराखड्यावर ती एका जागी होती आणि जमिनीत दुसऱ्या. तुम्ही पहारीने रस्ता ठोकत, आवाजावरून आणि आठवणीवरून ती शोधून दिलीत, आणि आम्ही उपग्रहाच्या साहाय्याने त्यांची स्थाने घेऊन संगणकातील नकाशात भरली. त्या नकाशाच्या माहितीत स्रोताचा एक रकाना आहे, आणि तुम्ही दाखवलेल्या प्रत्येक मॅनहोलपुढे त्यात ‘स्थानिक माहिती’ एवढेच लिहिलेले आहे. तुमचे नाव आणि हुद्दा तेथे यावा असा अर्ज मी वरिष्ठांकडे केला आहे. येथे नाव न छापण्याची तुमची आज्ञा मी पाळली आहे, तेथे मात्र ती मोडण्याची परवानगी मला द्यावी. अर्जाचे पुढे काय होते ते कळवीनच.

तुमच्याकडून ऐकलेले मी एका वहीत उतरवत आलो आहे, आणि आता त्याची टंकलिखित प्रत नव्या तुकडीसाठी करतो आहे. भरतीचा आणि वायुमापनाचा भाग पुरा झाला आहे. विटांच्या मलवाहिन्यांच्या भागात दोन वळणांची दिशा मला नक्की सांगता येत नाही, आणि ज्या ओळीतून तुम्ही स्वतः चालत गेला होता ती कुठून कुठवर उंच आहे हेही लिहायचे राहिले आहे. येत्या रविवारी सकाळी ती पाने घेऊन मी घरी येतो. काकूंना स्वयंपाकाचा त्रास देऊ नये, चहा पुरेसा आहे. चष्मा तेवढा हाताशी ठेवावा, कारण नकाशावरची अक्षरे बारीक आहेत.

आपला नम्र,
मलवाहिनी तपासणी तंत्रज्ञ, मुंबई